कोकमाचे तेल, निर्गुडीचा पाला आणि ओव्याची पुरचुंडी : थंडीतले जुने उपाय नीट कसे करावेत

कोकमाच्या तेलाचा गोळा घरात असूनही टाचांच्या भेगा माघ संपेपर्यंत तशाच राहिल्या, ही तक्रार मी अनेक घरांत ऐकली आहे. खोलात जाऊन विचारले की बहुधा एकच गोष्ट समोर येते : तो गोळा थंडच घासला जातो आणि तोही दिवसभराच्या धुळीने भरलेल्या कोरड्या टाचेवर. कोकमाचे तेल साधारण ३८ ते ४० अंश सेल्सिअसला वितळते आणि थंडीत टाचेचे तापमान त्याच्या बरेच खाली असते, त्यामुळे गोळा घासून तेलाचा पातळ थर वर बसतो, भेगेत मात्र काही उतरत नाही. मग औषधात दम नाही असे म्हणून ते मागे टाकले जाते. आपल्याकडच्या जुन्या उपायांबाबत हे वारंवार घडते. पदार्थाचे नाव पुढच्या पिढीपर्यंत पोहोचले. तो किती गरम असावा, आधी काय करावे, किती वेळ ठेवावा आणि कधी अजिबात वापरू नये, हे मात्र वाटेतच गळून पडले. म्हणून या लेखात उपाय मोजकेच घेतले आहेत आणि त्यांची कृती शक्य तितकी तपशिलाने दिली आहे.

टाचांच्या भेगा

तळहात आणि तळपाय यांच्या त्वचेत तेलग्रंथी नसतात, म्हणून थंडीची कोरडी हवा सुटली की सर्वांत आधी टाच कडक होते. कडक झालेली त्वचा चालताना शरीराच्या वजनाने बाजूला पसरू शकत नाही आणि तडकते. यालाच आपल्याकडे जळवात असेही म्हणतात. पठारावरच्या गावांत, विशेषतः निफाडसारख्या कडाक्याची थंडी पडणाऱ्या भागात अनवाणी किंवा मागून उघड्या चपलेत शेतावर राबणाऱ्या बायकांच्या भेगा इतक्या खोल जातात की त्यांतून रक्त येते. बोटांच्या बेचक्यांत पांढरट, ओलसर आणि खाज सुटणारी कातडी असेल तर ती भेग नव्हे, त्या चिखल्या आहेत. तो बुरशीचा आजार आहे आणि त्यावर तेल-तूप लावून बेचके ओलसर ठेवल्यास तो वाढतो. हा फरक आधी ओळखावा.

कोकमाची फळे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. साले आमसुलांसाठी आणि आगळासाठी काढून घेतल्यावर बिया वाळवतात, फोडून आतला गर कुटतात आणि पाण्यात उकळून वर आलेले तेल काढून घेतात. ते थिजू लागले की मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून दक्षिण कोकणात त्याला मुठेल म्हणतात. गोव्याकडे भिरंडेल हा शब्द अधिक ऐकू येतो. चांगला गोळा नेहमीच्या तापमानाला टणक असतो, दाबल्यावर त्यात बोट रुतत नाही, आणि तोडला तर तुकडा पडतो. बोटाने सहज खड्डा पडत असेल तर तो गोळा घेऊ नये.

उपाय रात्री झोपण्यापूर्वी करावा. टबात घोटे बुडतील इतके कोमट पाणी घ्यावे आणि पाय घालण्याआधी त्यात कोपर बुडवून पाहावे, कारण कडक टाचेला उष्णता उशिरा कळते आणि पायाच्या वरच्या नाजूक कातडीला चटका बसतो. पाय १५ मिनिटे भिजू द्यावेत. भेग उघडी असेल तर पाण्यात मीठ टाकू नये, फार झोंबते. त्यानंतर वजरीने हलक्या हाताने आणि एकाच दिशेने मेलेली कातडी काढावी. एकाच रात्रीत टाच गुळगुळीत करण्याचा मोह आवरावा. ब्लेडने किंवा चाकूने कातडी तासणे तर पूर्णपणे टाळावे, कारण त्या जखमेतून जंतू आत जातात आणि नवी त्वचा आणखी जाड येते. पाय पंचाने टिपून घ्यावेत, बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या कराव्यात, टाच मात्र किंचित ओलसर राहू द्यावी.

आता चिंचोक्याएवढा कोकमतेलाचा तुकडा पळीत घेऊन मंद आचेवर फक्त वितळेपर्यंत धरावा. वितळताच पळी बाजूला घ्यावी आणि एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून पाहावा. तिथे तो सुखद वाटला तरच कापसाच्या बोळ्याने भेगेच्या रेषेवर सावकाश सोडावा. जुन्या बायका चरचरेल इतके कढत तेल भेगेत सोडत आणि चटका बसल्याशिवाय गुण येत नाही असे म्हणत. माझ्या मते ही समजूत सोडून द्यावी. गुण येतो तो तेल आत जाऊन थिजल्यामुळे. थिजलेले तेल भेगेच्या कडांना बुचासारखे बंद करते, आतला ओलावा उडू देत नाही, आणि त्या झाकणाखाली कातडी आपोआप सांधत जाते. भाजलेल्या जागेवर हे काम होतच नाही. तेल लावल्यावर दोन मिनिटे पाय तसेच ठेवून सुती मोजे घालावेत आणि सकाळी साध्या पाण्याने पाय धुवावेत.

हे सलग रोज करावे लागते. साधारण भेगा एक-दोन आठवड्यांत भरून येतात. नंतर थंडी ओसरेपर्यंत आठवड्यातून दोनदा पुरते. दिवसा घरातल्या गार फरशीवर अनवाणी चालणे आणि मागून उघडी चप्पल ही दोन कारणे तशीच राहिली तर रात्रीची मेहनत दुसऱ्या दिवशी वाया जाते, हे ध्यानात ठेवावे.

रोज तेल वितळवणे ज्यांना जमत नाही त्यांनी मलम करून ठेवावे. त्यासाठी ४० ग्रॅम तिळाचे तेल, २० ग्रॅम कोकमतेल आणि १० ग्रॅम मधमाशीचे शुद्ध मेण लागते. पातेल्यात पाणी गरम करून त्यात दुसरे कोरडे भांडे ठेवावे आणि त्या भांड्यात आधी तेल व मेण एकत्र घालावे, कारण मेणाला वितळायला ६२ ते ६४ अंश उष्णता लागते. मेण पूर्ण विरघळले की कोकमतेल घालून ढवळावे आणि लगेच खाली उतरवावे. मिश्रण काचेच्या कोरड्या बरणीत ओतून बरणी थंड पाण्यात उभी ठेवावी. सावकाश निवू दिले तर कोकमतेलाचे रवे धरतात आणि मलम वाळूसारखे खरखरीत लागते. फार घट्ट झाले तर पुन्हा वितळवून चमचाभर तेल वाढवावे. बरणीत पाण्याचा थेंबही जाऊ नये, ओले बोट घालू नये. हेच मलम हातांच्या फुटलेल्या पेरांनाही चालते.

ओठांसाठी वेगळे काही करण्याची गरज नाही. साजूक तूप किंवा वरचेच मलम दिवसातून चार-पाच वेळा लावावे आणि मुख्य म्हणजे ओठांवरून जीभ फिरवण्याची सवय मोडावी, कारण थुंकी वाळताना ओठांचा स्वतःचा ओलावाही घेऊन जाते. बेंबीत तेल घातले की ओठ उलत नाहीत असे अनेक घरांत सांगतात. त्यात अपाय काही नाही, परंतु तेल ओठांना हवे असेल तर ते ओठांनाच लावावे.

अंगाची कोरडी त्वचा आणि शतधौत घृत

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाची वेळ थंडीच्या तोंडावर येते आणि तेल आधी, स्नान नंतर, हा क्रम त्यात ठरलेला आहे. मोठ्या अडचणीची गोष्ट अशी की वर्षातले ते चार दिवस सोडले तर उरलेल्या थंडीत आपण नेमके उलट वागतो : कढत पाण्याने खूप वेळ अंघोळ करतो, साऱ्या अंगाला साबण फासतो, आणि दुपारी हातापायांवर पांढऱ्या रेघा उठल्या की मग तेल शोधतो. कढत पाणी आणि साबण मिळून त्वचेवरचे नैसर्गिक तेल धुऊन नेतात. थंडीच्या दिवसांत अंघोळीच्या अर्धा तास आधी कोमट तिळाचे तेल अंगाला चोळावे, पाणी कोमट घ्यावे, अंघोळ दहा मिनिटांत आटोपावी, आणि साबण काखा, जांघा व पाय एवढ्यापुरताच वापरावा; बाकीच्या अंगाला मसूर डाळीचे पीठ आणि साय पुरे. अंग टिपल्यावर ते पूर्ण वाळण्याआधी, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, तळहातावर थोडेसे खोबरेल घेऊन हातापायांवरून फिरवावे. तेल स्वतः ओलावा देत नाही, असलेला ओलावा अडवून धरते, म्हणूनच ते ओलसर अंगाला लावायचे. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, त्यामुळे बाटली अंघोळीच्या गरम पाण्याशेजारी ठेवावी.

चेहऱ्याला किंवा वाऱ्याने सोलवटलेल्या गालांना तेल जड होते. त्यासाठी आयुर्वेदात शतधौत घृत सांगितले आहे, म्हणजे शंभर वेळा धुतलेले तूप. ते घरी सहज होते, मात्र दीड-दोन तास सलग हाताशी हवेत. लख्ख घासलेल्या तांब्याच्या ताटात ५० ग्रॅम साजूक तूप घ्यावे. ते थिजलेले, पण मऊ असावे. त्यात साधारण तितकेच थंड, स्वच्छ पिण्याचे पाणी घालून तळव्याने किंवा तांब्याच्या लोटीच्या बुडाने गोल फिरवत घोटावे. मिनिटभरात पाणी गढूळ होते. ते ओतून टाकावे आणि नवे पाणी घ्यावे. ही एक धुणी झाली. दहा-दहा धुण्यांना एकेक हरभरा बाजूला काढून ठेवला की मोजणी चुकत नाही. निम्म्याच्या पुढे तुपाचा रंग पांढरा होऊ लागतो, वास जातो, आणि शेवटी लोण्याहून हलके, बोटावर विरघळणारे मलम हाती येते. उरलेले पाणी नीट निथळून ते काचेच्या बरणीत भरावे. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवू नये, हिरवट पडते. या मलमात पाण्याचा अंश असतो आणि टिकवण्यासाठी काही घातलेले नसते, म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवावे, दोन-तीन आठवड्यांत संपवावे, आणि एका वेळी थोडेच करावे.

हे सोललेल्या, चुरचुरणाऱ्या त्वचेवर पातळ लावावे. नायटा-गजकर्णावर लावू नये. ताज्या भाजण्यावरही तूप लावण्याची घाई करू नये. भाजलेली जागा आधी वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावी, कारण तुपाचा थर आतली उष्णता बाहेर पडू देत नाही.

निर्गुडीचे तेल

आता दुखण्याकडे वळू. थंडीत आखडलेली मान, कंबर, गुडघे यांसाठी निर्गुडीइतके सोपे झाड नाही. कुंपणाला, ओढ्याच्या काठी ती आपोआप वाढते. पान बहुधा पाच पर्णिकांचे, मागच्या बाजूने पांढरट, चुरगळले की उग्र वासाचे, आणि फुले निळसर जांभळी. ओळख पक्की नसेल तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय पाला तोडू नये.

सिद्ध तेलाचे जुने प्रमाण असे आहे : वाटलेला पाला, म्हणजे कल्क, एक भाग, तेल चार भाग, काढा किंवा रस सोळा भाग. घरासाठी १०० मिलिलिटर तेल पुरते. ४०० ग्रॅम धुतलेला पाला दीड लिटरहून थोड्या अधिक पाण्यात उघड्या भांड्यात उकळून ४०० मिलिलिटरपर्यंत आटवावा आणि गाळावा. आणखी २५ ग्रॅम ताजा पाला गोळी होईल इतका बारीक वाटावा. तेल, काढा आणि कल्क रुंद, जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र करावेत. पातेले अर्ध्याहून अधिक भरू नये, कारण मिश्रण वर येते. मग अगदी मंद आचेवर ठेवून बुडाला लागू न देता ढवळत राहावे. पूर्वी हे काम दोन दिवसांत विभागून करीत, पहिल्या दिवशी निम्मे आटवून झाकून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुरे करायचे. तसे केल्यास आच मोठी करण्याचा मोह होत नाही.

तेल झाले हे कसे ओळखावे, यातच सगळे कौशल्य आहे. पाणी असेतोवर बुडबुडे मोठे आणि आवाज खळखळ येतो. पाणी संपत आले की आवाज मंदावतो आणि तेलावर बारीक फेस धरतो. तुपात नेमके उलट घडते, सिद्ध होताना फेस शमतो. या वेळी थोडा कल्क काढून, निवल्यावर दोन बोटांत वळावा. तो चिकटला तर पाणी उरले आहे; त्याची वात वळली तर तेल तयार आहे; तो कुरकुरीत होऊन भुगा झाला तर तेल करपण्याच्या बेतात आहे. खात्रीसाठी ती वात चिमट्यात धरून, पातेल्यापासून दूर, ज्योतीवर न्यावी : चडचड आवाज न होता जळली तर पाण्याचा अंश राहिलेला नाही. पाणी राहिलेले तेल चार-आठ दिवसांत खराब होते, आणि पुन्हा तापवताना अंगावर उडते. तेल कोमट असतानाच कोरड्या फडक्यातून पिळून गाळावे आणि बाटलीवर तारीख घालावी. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून एक दिवस वाट पाहावी. लाली, खाज आली नाही तरच पुढे जावे.

आधी तेल, मग शेक

तेल कोमट करून दुखऱ्या भागावर दहा मिनिटे जिरवावे. हातापायांच्या लांब भागांवर लांब हात ओढावा, सांध्यांवर गोल फिरवावा, आणि पाठीच्या मणक्यावर थेट दाब देऊ नये. पाव तास थांबून मग शेक घ्यावा. कोरड्या, कट-कट वाजणाऱ्या गुडघ्याला पाल्याची पुरचुंडी उत्तम : निर्गुडीची चिरलेली पाने लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात परतून जुन्या धोतराच्या दुहेरी तुकड्यात बांधावीत आणि तीच टेकवत, उचलत, शेकत जावे. एरंडाचे पान तेल लावून तव्यावर गरम करून गुडघ्यावर बांधणे हा त्याचाच सोपा प्रकार आहे.

अंग जड वाटत असेल, थंडीने ताठरले असेल, तर तेलाशिवाय कोरडा शेक घ्यावा. एक वाटी जाडे मीठ आणि दोन मोठे चमचे ओवा यांच्या दोन पुरचुंड्या कराव्यात. एक तव्यावर तापत असताना दुसरीने शेकावे. प्रत्येक वेळी ती आधी आपल्या हाताच्या पाठीवर टेकवून पाहावी, दुखऱ्याच्या अंगावर नव्हे. दहा ते पंधरा मिनिटे पुरतात. कातडी लालबुंद होईपर्यंत शेकण्याने जास्त गुण येत नाही. शेकानंतर तो भाग तासभर झाकून ठेवावा आणि लगेच गार वाऱ्यात जाऊ नये. रबरी पिशवी वापरणाऱ्यांनी उकळते पाणी भरू नये, ती दोन-तृतीयांशच भरावी, हवा काढून बूच लावावे आणि भोवती फडके गुंडाळावे.

पाय मुरगळला, मुका मार लागला, तर पहिले दोन दिवस शेक वर्ज्य आहे, कारण उष्णतेने सूज वाढते. त्या काळात फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे धरावा आणि पाय उशीवर उंच ठेवावा. सूज ओसरू लागल्यावर आंबेहळद उगाळून कोमट लेप द्यावा. लेप लवेच्या उलट दिशेने लावायचा आणि वाळताच कोमट पाण्याने काढायचा असतो. रात्रभर वाळून तडकलेला लेप कातडी ओढतो.

काय करू नये

जुने म्हणून सगळेच चांगले, असे मी मानत नाही. बिब्बा तापवून त्याचे तेल भेगेत सोडण्याची किंवा दुखऱ्या सांध्यावर ठिपके देण्याची रीत अजून काही ठिकाणी आहे. बिब्बा उतला तर फोड, सूज आणि असह्य आग होते, आणि कोणाला उतेल हे आधी सांगता येत नाही. घरात तो वापरूच नये. ठेचलेला लसूण कातडीवर बांधून ठेवल्यास खरोखरीच्या भाजण्यासारखी जखम होते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा दुखावतो. मोहरीचे तेल तान्ह्या बाळाच्या कातडीला तीव्र ठरते. कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात, म्हणून कापूरयुक्त तेल दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये, जखमेवर लावू नये, आणि बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. लिंबू चोळून उन्हात गेल्यास कातडीवर काळे डाग आणि फोड येतात.

सांधा लाल, गरम आणि सुजलेला असून ताप असेल; एकाच पोटरीला सूज आणि वेदना असतील; कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती गेली असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल; छाती, डावा हात किंवा जबडा दुखत असेल; किंवा पडल्यानंतर वजन टाकता येत नसेल, तर चोळणे-शेकणे न करता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. सुजलेली पोटरी तर मुळीच चोळू नये, तिथे रक्ताची गुठळी असू शकते. भेगेतून पू येत असेल, किंवा दोन आठवड्यांच्या नियमित काळजीनंतरही खवले पडत असतील, तर सोरायसिस किंवा थायरॉइडची तपासणी लागू शकते.

मधुमेह असलेल्यांच्या पायांसाठी या लेखातले बहुतेक उपाय बदलून घ्यावे लागतात. त्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून पाय फार वेळ भिजवणे, वजरी घासणे, वितळलेले तेल सोडणे आणि कोणताही शेक त्यांनी टाळावा. पाय कोमट पाण्याने धुऊन, टिपून, बरणीतले मलम थंडच लावावे, तेही बोटांच्या बेचक्या सोडून. वयामुळे वाकून स्वतःचे तळवे पाहता येत नसतील, तर घरातल्या कोणीतरी रोज रात्री उजेडात त्यांचे दोन्ही पाय हातात घेऊन टाचा आणि बोटांमधल्या जागा नीट पाहाव्यात, आणि नवी भेग, फोड किंवा रंगातला फरक दिसला तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.